एक बादली, अर्धं युनिट : हिंजवडीतल्या गरम पाण्याचा हिशोब

२० लिटरची बादली. टाकीतलं पाणी २२ अंश, अंघोळीला हवं ४२ अंश. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी लागते, म्हणजे या बादलीला ४०० किलोकॅलरी. विजेच्या भाषेत ०.४६५ युनिट. पाच माणसांच्या घरात रोज पाच बादल्या धरल्या तर २.३ युनिट. जानेवारीत पहाटेचं पाणी १६ अंशांवर उतरलं की हाच आकडा ३ युनिटांपर्यंत जातो. ही ऊर्जा कोणत्याही घरात, कोणत्याही साधनाने, एवढीच लागते. फरक पडतो तो एवढी उष्णता पाण्यात उतरवण्यासाठी आपण एकूण किती जाळतो आणि त्याचे किती पैसे मोजतो यात.

हा हिशोब हिंजवडीत मांडायचा, कारण गरम पाणी करण्याच्या सगळ्या तऱ्हा या एका गावाच्या शिवेत सापडतात. म्हातोबाच्या यात्रेचं जुनं गावठाण आहे, तिथे काही घरांच्या मागल्या दारी अजून चूल पेटते. एमआयडीसीला जमिनी गेल्यावर बांधलेल्या भाड्याच्या खोल्या आहेत, तिथे बादलीत रॉड टाकून पाणी तापतं. राजीव गांधी इन्फोटेक पार्कच्या तिन्ही टप्प्यांभोवती पीजी आणि उंच सोसायट्या आहेत, तिथे गॅस गिझर, विजेचा गिझर आणि गच्चीवरचा सोलर एकाच इमारतीत नांदतात. आणि शेजारी नेरे, जांबे, कासारसाई, मारुंजी, माण ही मुळशी तालुक्यातली गावं, जिथे गोठा आणि गिझर एकाच अंगणात दिसू शकतात.

आधी चुलीचा आकडा

स्वयंपाकाचं इंधन कोणतं, हे सरकार नियमित विचारतं. जनगणनेत विचारतात, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतही विचारतात. २०१९-२१ च्या पाहणीत देशातली ५८.६ टक्के घरं स्वच्छ इंधनावर स्वयंपाक करत होती. ग्रामीण भागात ४३.२ टक्के. अंघोळीचं पाणी कशावर तापतं, हे मात्र या प्रश्नात येत नाही. त्यामुळे ओट्यावर गॅस आणि परसात चूल असं घर कागदावर 'स्वच्छ इंधन' या रकान्यात जमा होतं. मे २०१६ मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाल्यापासून सिलिंडर घरोघरी पोचले, पण गॅस अंघोळीच्या पाण्यावर घालवायचा नाही हा बायकांचा ठोक व्यवहार आहे. तो चुकीचा नाही, आकडेच तसे आहेत.

१४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये साधारण १८० युनिटांइतकी उष्णता असते. शेगडीवर मोठं पातेलं ठेवलं की त्यातली ६० टक्क्यांच्या आसपास पाण्यात उतरते. पाच बादल्यांच्या हिशोबाने असा एक सिलिंडर नुसत्या अंघोळीत ४६-४७ दिवसांत संपतो. म्हणजे स्वयंपाकाला जितका लागतो जवळपास तितकाच गॅस अंघोळीला. घरातल्या ऊर्जेचा इतका मोठा हिस्सा या पाहण्यांत दिसत नाही, ही मला या विषयातली सर्वांत खटकणारी गोष्ट वाटते.

चुलीवर काय होतं? सुक्या लाकडात किलोमागे ३,८०० किलोकॅलरी धरू. तीन दगडांच्या चुलीत त्यातल्या १२ टक्केच पाण्यापर्यंत पोचतात, बाकी धुराबरोबर आणि आजूबाजूला जातात. पाच बादल्यांना रोज सुमारे साडेचार किलो लाकूड. आठवड्याला ३० किलो, म्हणजे डोक्यावरची एक चांगली जड मोळी. वर्षाचे ३०० दिवस धरले तरी १,३०० किलोंच्या वर लाकूड, आणि ते आणणारी, फोडणारी, फुंकणारी बहुतेक घरांत एकच व्यक्ती.

तांब्याचा बंब याच्यापेक्षा हुशार साधन. पुण्याच्या तांबट आळीत ठोकून घडवलेले बंब शतकभर महाराष्ट्रातल्या न्हाणीघरांत होते. मधून धुराचं नळकांडं, भोवती पाणी, खाली जाळी आणि राखेची जागा, बाजूला तोटी. जाळ भांड्याच्या बाहेरून न जाता पाण्याच्या मधोमध जातो, त्यामुळे उष्णता वाया कमी जाते. बंबाचं काम चुलीच्या दुप्पट चांगलं धरलं तर लाकूड सव्वादोन किलोंवर येतं. शिवाय त्याला लाकूडच हवं असं नाही. गोवऱ्या, करवंट्या, चिपाडं, तुरकाट्या, भुसा काहीही चालतं.

पण हिंजवडीच्या परिसरात चिपाडं आणि तुरकाट्या आता कुठून येणार? उसाच्या शेतावर इमारत उभी राहिली की जळण म्हणून हाताशी येतं ते बांधकामावरचं मोडकं सेंट्रिंग, प्लायवूडचे तुकडे, ऑइल लावलेल्या फळ्या. प्लायवूड चिकटवायला वापरलेली रसायनं जळताना जो धूर होतो तो गोवरीच्या धुरासारखा नसतो. बंबाला मी जुनाट म्हणणार नाही, पण त्यात प्लाय जाळायचा असेल तर तो बंद केलेला बरा.

गोठा असलेल्या घराला मात्र वेगळा मार्ग आहे आणि तो फारसा कोणी सुचवत नाही. घनमीटरभर गोबरगॅसला साधारण २५ किलो शेण लागतं आणि त्यातून ५,००० किलोकॅलरींच्या आसपास उष्णता मिळते. पाच बादल्यांना पाऊण घनमीटर गॅस पुरतो, म्हणजे १८-१९ किलो शेण, दोन जनावरांचं. कासारसाईच्या बाजूला दोन म्हशी असलेल्या घराने सोलरच्या आधी हा विचार करावा. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांनी १९९६ मध्ये उभ्या केलेल्या 'आरती' या संस्थेने सुधारित चुली, पाचटाचा कोळसा आणि खरकट्यावर चालणारा छोटा बायोगॅस यांवर मोठं काम केलं. २००२ आणि २००६ मध्ये संस्थेला लंडनचा ॲश्डेन पुरस्कार मिळाला. म्हणजे ग्रामीण घराच्या उष्णतेचा प्रश्न पुण्यात नवा नाही आणि त्याची उत्तरंही इथेच शोधली गेली आहेत.

तीच बादली, वेगवेगळी किंमत

आता विजेकडे. महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतात. १ जुलै २०२५ पासून जाहीर झालेले दर असे होते : पहिल्या १०० युनिटांना वहन आकारासह ५.७४ रुपये, १०१ ते ३०० ला १२.५७, ३०१ ते ५०० ला १६.८५ आणि ५०० च्या वर १९.१५. त्यावर १६ टक्के वीज शुल्क. दर बदलतात, पुढेही बदलतील; पण पहिल्या टप्प्यातून दुसऱ्यात गेल्यावर दर दुप्पट होतो, ही रचना गरम पाण्याच्या हिशोबात निर्णायक आहे.

गावठाणातलं एक साधं घर घेऊ. फ्रीज, पंखे, दिवे, टीव्ही, मिक्सर मिळून महिन्याला ९० युनिट. आता त्यात विजेचा गिझर आला. उपकरण आणि टाकीतला तोटा धरून रोज २.६५ युनिट, महिन्याला ८०. बेरीज १७०. यातली पहिली १० युनिट स्वस्तात बसतात, उरलेली ७० थेट दुसऱ्या टप्प्यात पडतात. शुल्कासह या ८० युनिटांचे सुमारे १,०९० रुपये होतात. आधीच्या ९० युनिटांचे ऊर्जेचे पैसे होते जेमतेम ६००. म्हणजे गिझरने वीज दुप्पटही वाढवली नाही, पण बिल जवळजवळ तिप्पट केलं.

घरात शेवटी आलेलं उपकरण नेहमी सगळ्यांत महाग टप्प्यातली वीज खातं. म्हणून गिझरच्या विजेची किंमत काढताना बिलाला एकूण युनिटांनी भागायचं नाही, शेवटच्या युनिटाचा दर घ्यायचा. दुकानात हे कोणी सांगत नाही. तिथे तारे मोजले जातात, आणि तारे सांगतात ते टाकीत तापवून ठेवलेलं पाणी किती हळू निवतं एवढंच. ते उपयोगाचं आहे, पण जो माणूस पहाटे वीस मिनिटं गिझर चालवून बंद करतो त्याच्या बिलात ताऱ्यांनी फार फरक पडत नाही.

आता एका बादलीचा भाव. सिलिंडर ८५० रुपये धरला आहे; एप्रिल २०२५ च्या वाढीनंतर मुंबईतला दर ८५२.५० होता. शेगडीवर तापवलेली बादली ३ रुपये ६० पैसे. गॅस गिझरवर, ८० टक्के कार्यक्षमता धरून, पावणेतीन रुपये. विजेवर, महिन्याचा वापर १०० युनिटांच्या आत असेल तर साडेतीन रुपये, दुसऱ्या टप्प्यात गेला की ७ रुपये ७० पैसे, आणि ५०० युनिटांच्या वर पावणेबारा रुपये. हवेतली उष्णता ओढून पाण्यात घालणारा हीट पंप एका युनिटात तीन युनिटांचं काम करतो. त्याची बादली दुसऱ्या टप्प्यातल्या दरानेही सव्वादोन रुपयांत. आणि सोलर : १०० लिटरचा, काचेच्या नळ्यांचा संच २३,००० रुपयांचा धरला, वर्षात ३०० दिवस, पंधरा वर्षं चालला, तर रोज पाच बादल्यांच्या हिशोबाने बादलीला एक रुपया. देखभाल मिळवून सव्वा.

गॅस गिझर स्वस्त दिसतो आणि हिंजवडीच्या कित्येक पीजींमध्ये तो त्यामुळेच आहे. इथे एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. बंद न्हाणीघरात लावलेला गॅस गिझर कार्बन मोनॉक्साइड सोडतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि त्याने माणसं मेली आहेत. गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेच्या बाजूला असेल तरच हा पावणेतीन रुपयांचा आकडा विचारात घ्यावा.

प्रदूषणाचा आकडा अनेकांना उलटा वाटेल. देशातल्या ग्रिडच्या एका युनिटामागे साधारण ०.७२ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. वर्षाला ३०० दिवस गिझर वापरणाऱ्या घराची ८०० युनिट, म्हणजे ५७० किलोंच्या वर. तेच पाणी गॅस गिझरवर तापवलं तर वर्षाला पाच सिलिंडरही लागत नाहीत आणि उत्सर्जन २०० किलोंच्या आसपास राहतं. ग्रिडमधला कोळसा कमी होत जाईल तसा हा फरक मिटेल, पण आज साधी कॉइल तापवून पाणी गरम करणं हा पहिल्या टप्प्याबाहेर सगळ्यांत महाग आणि हवेलाही जड पर्याय आहे.

१,५०० युनिटांचं आश्वासन

सौर पाणीतापकाच्या प्रत्येक पत्रकावर एक ओळ असते : १०० लिटरचा संच वर्षाला १,५०० युनिट वाचवतो. हा आकडा केंद्र सरकारच्या नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने वर्षानुवर्षं दिला आहे. तो खोटा नाही, पण तो कोणाच्या घराला लागू होतो हे पाहायला हवं.

पुण्याच्या उन्हातून चौरस मीटरला दिवसाला सरासरी पाच युनिटांहून थोडी जास्त ऊर्जा मिळते. १०० लिटरच्या संचाचं उष्णता पकडणारं क्षेत्रफळ साधारण दोन चौरस मीटर, त्यातली निम्मी उष्णता पाण्यात उतरली तरी १०० लिटर पाणी २२ वरून ६० अंशांवर जातं. ही झाली ४.४ युनिट. पण ६० अंशांच्या पाण्याने कोणी अंघोळ करत नाही, त्यात विसण घालावं लागतं. १०० लिटर कडकडीत पाण्यात विसण मिसळून ४२ अंशांचं १९० लिटर होतं, म्हणजे साडेनऊ बादल्या. घरात माणसं पाच. पाच बादल्या वापरल्या, साडेचार बादल्यांची उष्णता टाकीतच राहिली. दुसऱ्या दिवशी सूर्य आधीच गरम असलेल्या टाकीला तापवत बसतो आणि वाचलेली वीज मिळते वर्षाला १,५०० नव्हे, ८०० युनिट.

म्हणजे सोलर घेऊ नये असं नाही. हिशोब ८०० वर करावा. दुसऱ्या टप्प्यात जाणाऱ्या आपल्या १७० युनिटांच्या घराला वर्षाला सुमारे १०,९०० रुपये वाचतात आणि २३,००० दोन वर्षं-दोन महिन्यांत वसूल होतात. ज्यांचं बिल गिझर धरूनही १०० युनिटांच्या आत आहे त्यांना सव्वाचार वर्षं लागतात. गॅस गिझरवरून येणाऱ्याला साडेपाच. आणि ज्या घरात लाकूड फुकट गोळा होतं त्या घराला पैशात वसुली कधीच दिसत नाही. तिथे मोळीचे तास आणि खोकला मोजावा लागतो. गावात सोलर खपवायला येणारा माणूस सगळ्यांना 'दोन वर्षांत पैसे वसूल' सांगतो, तेव्हा तो फक्त पहिल्या घराबद्दल खरं बोलतो.

जोडणीत पैसे बुडतात ते बहुधा दोन ठिकाणी. पहिलं टाकीच्या उंचीत. पंप नसलेल्या साध्या सोलरमध्ये थंड पाण्याची टाकी सोलरच्या टाकीपेक्षा वर असावी लागते. बैठ्या घराच्या स्लॅबवर पाण्याची काळी टाकी नुसती ठेवलेली असते. शेजारी सोलर उभा केला की त्याची टाकी तिच्या बरोबरीला किंवा वर जाते आणि काळी टाकी निम्मी झाली की सोलर भरायचाच थांबतो. विटांचा किंवा लोखंडी कट्टा बांधून काळी टाकी सात-आठ फुटांवर न्यावी लागते, आणि हा खर्च पत्रकात नसतो. पत्र्याच्या छपरावर तर १०० लिटरचा भरलेला संच, दीडशे किलोंच्या वरचं वजन, स्वतंत्र लोखंडी सांगाड्याशिवाय ठेवताच येत नाही.

दुसरं आतल्या कॉइलमध्ये. पावसाळ्यासाठी म्हणून सोलरच्या टाकीतच दोन किलोवॉटची कॉइल बसवून देतात. जुलैत ढगाळ दिवशी ती चालू केली की ती पाच बादल्यांपुरतं नव्हे, सगळं १०० लिटर पाणी तापवते : ४.४ युनिट. लागणार होती २.३. जून ते सप्टेंबर अशा कॉइलवर काढले तर उन्हाळ्यात वाचवलेलं बरंचसं पावसाळ्यात जातं. त्यापेक्षा न्हाणीघरात लहान गिझर ठेवून, सोलरचं कोमट पाणी त्यातून नेऊन, लागेल तेवढंच तापवणं शहाणपणाचं.

पाण्याचा जडपणाही मोजायला हवा, कारण इथे बोअर आणि टँकरवर मोठी वस्ती जगते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात क्षारांमुळे येणाऱ्या कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोत नसेल तर ६००. समजा बोअरचं पाणी ४०० चं. रोज १०० लिटर, वर्षाचे ३०० दिवस, म्हणजे सोलरमधून वर्षाला १२ किलो क्षार वाहतात. त्यातला दहावा भाग जरी आत बसला तरी किलोच्या वर पांढरा थर. तांब्याच्या बारीक नळ्यांचा सपाट संच अशा पाण्याने तुंबतो, काचेच्या रुंद नळ्यांचा जास्त काळ टिकतो. तळाशी जमलेला गाळ दर सहा महिन्यांनी सोडून देणं आणि टाकीतला मॅग्नेशियमचा रॉड झिजला की बदलणं, ही सव्वा रुपयाच्या बादलीची अट आहे.

उंच इमारतीतला पहिला तांब्या

सोसायट्यांचं गणित वेगळं आहे. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीत ४,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या भूखंडावरच्या इमारतींना सौर पाणीतापक किंवा छतावरची सौरवीज बंधनकारक आहे, त्यामुळे टॉवरच्या गच्चीवर नळ्यांच्या रांगा असतात. पण गच्चीपासून खालच्या मजल्यांपर्यंत पाणी येताना काय होतं? २५ मिलिमीटर आतल्या व्यासाच्या नळात मीटरला जवळपास अर्धा लिटर पाणी मावतं. दहा मजले, ३० मीटर : नळात रात्रभर थंड झालेलं १५ लिटर पाणी. गरम पाणी येईपर्यंत ते मोरीत जातं. खालच्या मजल्यावरची बाई सकाळी साडेसहाला नळ सोडून हात लावून बघते, पुन्हा बघते, आणि कंटाळून गिझरचं बटण दाबते. तिच्या लेखी सोलर चालतच नाही.

अशा १०० घरांनी रोज १५ लिटर सोडलं तर आठवड्याला १०,५०० लिटर, एक मोठा टँकर भरून. टँकरवर जगणाऱ्या सोसायटीने ऊर्जा वाचवण्यासाठी पाणी ओतून द्यावं हे बरोबर नाही. उपाय दोन आहेत. नळाला आवरण घालून, पहाटे छोट्या पंपाने ते थंड पाणी परत टाकीत फिरवणं. किंवा ते बादलीत धरणं आणि विसणाला वापरणं, जे जुन्या घरांत कोणालाच सांगावं लागत नव्हतं.

बादलीच्या बाजूने आणखी एक आकडा. मिनिटाला ९ लिटर सोडणाऱ्या शॉवरखाली आठ मिनिटं उभं राहिलं की ७२ लिटर. बादलीच्या साडेतीन पट. पंचतारांकित गिझर आणि शॉवर यांच्यापेक्षा साधा रॉड आणि बादली कमी वीज घेते. रॉडचा धोका विजेच्या धक्क्याचा आहे, तो मोठा आहे आणि लहान मुलं असलेल्या खोलीत रॉड नकोच. पण नुसत्या कार्यक्षमतेत तो विजेच्या कोणत्याही गिझरहून मागे नाही.

छप्पर एकच, दावेदार दोन

सौर पाणीतापकाला केंद्राचं ३० टक्के अनुदान होतं, ते २०१४ मध्ये थांबलं. २०१० च्या राष्ट्रीय सौर अभियानात २०२२ पर्यंत दोन कोटी चौरस मीटर सौर उष्णतासंचांचं लक्ष्य होतं, पण नंतर सगळा भर विजेच्या पॅनेलवर गेला. फेब्रुवारी २०२४ पासून पीएम सूर्यघर योजनेत एक किलोवॉटला ३०,००० रुपये, दोनला ६०,०००, तीन आणि पुढे ७८,००० अनुदान मिळतं. पाणी तापवणाऱ्या संचाला त्यात काहीच नाही.

चौरस मीटरला तोलून बघू. दोन चौरस मीटर उष्णतासंच दिवसाला पाच युनिटांइतकी उष्णता देतो. तेवढ्याच जागेतलं पॅनेल पावणेदोन युनिट वीज. ती साध्या गिझरला दिली तर उष्णता तेवढीच, पण हीट पंपाला दिली तर पुन्हा पाच युनिट. म्हणजे जागा कमी असेल तर थेट पाणी तापवणारा संच सरस. जागा भरपूर असेल, निदान दहा चौरस मीटर सावली नसलेली, तर एक किलोवॉटचं पॅनेल अनुदान वजा जाता ३०-३५ हजारांत बसतं, महिन्याला १२० युनिट देतं, त्यातल्या ८० गिझरला लागतात आणि ४० उरतात. शिवाय मे महिन्यात, जेव्हा टाकीतलं पाणीच दुपारी हात पोळेल इतकं तापतं आणि सोलर निरुपयोगी असतो, तेव्हा पॅनेलची वीज ग्रिडमध्ये जमा होते आणि पावसाळ्यात कामाला येते. स्वतःचं पक्कं छप्पर आणि स्वतःचा मीटर असलेल्या हिंजवडीच्या घराला मी आज पॅनेल सुचवेन. लहान छपराच्या घराला सोलर. साठ मुलांच्या पीजीला हीट पंप : रोज ६० बादल्यांना गिझरवर ३२ युनिट लागतात, हीट पंपावर साडेनऊ, युनिटला १५ रुपये धरले तरी महिन्याला दहा हजारांची बचत.

पुणे महापालिका सोलर, गांडूळखत, पाऊसपाणी साठवण यांपैकी एक असेल तर मिळकतकरात ५ टक्के आणि दोन किंवा जास्त असतील तर १० टक्के सूट देते. हिंजवडी ग्रामपंचायतीत आहे, ती सूट इथे आपोआप येत नाही. बेंगळुरूत वीज कंपनी सौर पाणीतापक असलेल्या घराला युनिटमागे ५० पैसे, महिन्याला जास्तीत जास्त ५० रुपये, बिलातच कमी करते. रक्कम छोटी, पण दर महिन्याला बिलावर दिसते. आणि छत्रपती संभाजीनगरजवळच्या पाटोद्यात भास्करराव पेरे पाटील यांच्या कारकिर्दीत ग्रामपंचायतीने सौर ऊर्जेवर तापवलेलं पाणी गावकऱ्यांना अंघोळीला दिलं, कर भरणाऱ्यांना दळण मोफत दिलं. लोक जळणासाठी झाडं तोडतात तर पंचायतीनेच गरम पाणी द्यावं, हा साधा विचार होता. पाटोद्यापेक्षा हिंजवडीची घरपट्टी आणि जागेचे भाव कितीतरी पुढे आहेत. घरपट्टीत पुण्यासारखीच सूट मिळावी म्हणून ग्रामसभेत ठराव मांडायला अडचण नसावी.

खरा अडकलेला माणूस मात्र भाडेकरू आहे. छप्पर मालकाचं, बिल भाडेकरूचं, त्यामुळे सोलर कोणीच बसवत नाही. हा गुंता दोघांच्याही फायद्याने सुटतो, ते आकड्यात दाखवतो. समजा दहा खोल्या, खोलीत तीन माणसं, रोज ३० बादल्या. रॉडवर दिवसाला १४.७ युनिट, महिन्याला ४४० च्या आसपास. सगळ्या खोल्या मालकाच्या एकाच मीटरवर असतील आणि बाकीचा वापर आधीच ५०० च्या वर असेल, तर ही सगळी युनिट वरच्या टप्प्यात पडतात : शुल्कासह २२ रुपये २० पैसे. महिन्याला ९,८०० रुपये. मालक सबमीटरवर युनिटला १२ रुपये घेत असेल तर हातात येतात ५,३००. साडेचार हजार तो दर महिन्याला स्वतःच्या खिशातून भरतो, आणि भाडेकरू रॉड वापरतात म्हणून भांडतो.

या ३० बादल्यांना ६० अंशांचं ३१६ लिटर पाणी लागतं, म्हणजे ३०० लिटरचा संच जवळपास पुरतो. सांगाडा आणि नळजोडणीसह ६५,००० रुपये धरू. मालकाचा महिन्याचा तोटा थांबला, एवढ्यावरच दीड वर्षांत पैसे सुटतात. पावसाळ्याचे दिवस वगळले तरी दोन वर्षांच्या आत. भाडेकरूंचे खोलीमागे महिन्याला साधारण ४४० रुपये वाचतात. त्यातले २०० भाड्यात वाढवले तरी दोघंही फायद्यात. नळ एकच, तो अंगणात, सकाळी पाच ते नऊ, माणशी एक बादली, आणि हे भाडेकरारात लिहिलेलं. दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला तीस बादल्या एकाच तासात लागतील, म्हणून त्या नळाला दोन तोट्या हव्यात.